फोटोतल्या माणसाचं पुढे काय झालं?

१७ एप्रिल २०२१. वांगणी स्थानकाचा दोन नंबरचा फलाट. एक अंध आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन चालली आहे. चालता चालता मुलाचा तोल जातो आणि तो रुळांवर पडतो. आई फलाटाच्या कडेशी बसून हातांनी चाचपडत त्याला शोधते आहे. तो नेमका कुठे पडला हे तिला उमगत नाही. समोरून उद्यान एक्स्प्रेस येते आहे. तेवढ्यात रुळांमधून एक माणूस गाडीच्याच दिशेने धावत येतो, मुलाला उचलून फलाटावर ढकलतो, स्वतः कसाबसा वर चढतो आणि गाडी धडधडत निघून जाते. मयूर शेळके, मध्य रेल्वेचे पॉइंट्समन.

स्थानकावरच्या सीसीटीव्हीने टिपलेलं हे दृश्य दोन दिवसांत देशभर पोचलं. रेल्वेमंत्र्यांनी कौतुक केलं, रेल्वेने पन्नास हजारांचं बक्षीस दिलं, जावा कंपनीने मोटारसायकल दिली. देशात करोनाची दुसरी लाट होती, चांगली बातमी दुर्मीळ झाली होती, त्यामुळे लोकांनी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. आणि मग शेळके यांनी एक गोष्ट जाहीर केली. बक्षिसातली निम्मी रक्कम त्या मायलेकरांना देणार. त्या दोघांची परिस्थिती बेताची आहे हे शेळके यांना समजलं होतं.

लाखो लोकांनी पाहिलेल्या त्या काही सेकंदांत ती आई होती, पण बहुतेकांच्या नजरेला धावणारा माणूस दिसला. तो दिसायलाच हवा होता, त्याचं शौर्य निर्विवाद आहे. पण ‘हिचं घर कसं चालत असेल’ हा विचार ज्याच्या मनात आला तो फोन हातात धरलेला प्रेक्षक नव्हता, तो धावणारा माणूसच होता. समाजमाध्यमांवरच्या फोटोंनी आणि चित्रफितींनी मदत उभी राहते, याबद्दल आता कुणालाही शंका नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात असा आठवडा जात नाही की एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर मदतीचं आवाहन करणारा फोटो आलेला नसतो. प्रश्न मदत मिळते का हा नाही. फोटोत कोण दिसतं, कोण दिसत नाही, आणि फोटो खाली सरकून गेल्यावर त्यातल्या माणसाचं पुढे काय होतं, हा आहे.

वांगणीचंच पाहा. कल्याणहून कर्जत लोकल पकडली की बदलापूरच्या पुढचं हे स्थानक. मुंबई-ठाण्यात भाडं परवडत नाही म्हणून गेल्या काही दशकांत अनेक अंध कुटुंबं इथे येऊन राहिली. लोकलच्या डब्यात पेनं, की-चेन, मोबाइलची कव्हरं विकायची, कुणी गाणी म्हणायची, त्यावर घर चालवायचं. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि त्यांचा बाजारच बंद झाला. पुढे काही काळ मर्यादित वेळांत प्रवाशांना मुभा मिळाली, दुसऱ्या लाटेत ती पुन्हा गेली. लशीचे दोन डोस घेतलेल्यांना लोकलची दारं उघडली ती १५ ऑगस्ट २०२१ला. म्हणजे ती चित्रफीत देशभर फिरत होती तेव्हा वांगणीतल्या कित्येक घरांची कमाई वर्षभर आटलेली होती. चित्रफितीत यातलं काही नव्हतं. सीसीटीव्हीला ते दिसणं शक्यही नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला त्या दृश्यापाशी थांबवते. ज्या बाईचा आयुष्यातला सर्वांत भयंकर क्षण कोट्यवधी लोकांनी पाहिला, तिला तो पाहता येत नाही. अंध माणसाचा फोटो मदतीसाठी वापरणाऱ्याने हे लक्षात घेतलं पाहिजे. ‘फोटो काढू का?’ एवढं विचारून भागत नाही. चौकटीत काय आलंय, चेहरा दिसतोय का, अंगावर कोणते कपडे आहेत, मागे घराची कोणती भिंत दिसते, हा फोटो किती लोकांकडे जाणार, खाली काय लिहिणार, हे सगळं शब्दांत सांगावं लागतं. मग होकार घ्यायचा. अनेक अंध माणसं आज स्क्रीन रीडरवर फोन उत्तम वापरतात. फेसबुकने २०१६ पासून फोटोचं आपोआप वर्णन ऐकवायची सोय केली, पण ते वर्णन बऱ्याचदा ‘दोन माणसं, बाहेरची जागा’ अशा थाटाचं असतं. फोटोखाली दोन वाक्यांत खरं वर्णन लिहिलं तर ज्याच्यासाठी मदत मागतोय त्यालाही आपल्याबद्दल काय सांगितलं गेलंय ते ऐकता येईल. आणि डोळस माणसाला तरी आपण हे सगळं सांगतो का? मला वाटतं, वांगणीच्या निमित्ताने सगळ्यांच्याच बाबतीत हा रिवाज पाडून घ्यावा.

*

एका चेहऱ्यासाठी माणसं खिशात हात घालतात आणि आकड्यांसाठी घालत नाहीत, हे प्रयोगांनीही दाखवलं आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. लोकांना पाच डॉलर देऊन त्यातून दान करायची संधी दिली. काहींना मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती दिली, काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर आले, आकड्यांसाठी १.१४. दोन्ही एकत्र दिल्यावर रक्कम १.४३ वर आली. म्हणजे चेहऱ्याच्या जोडीला आकडेवारी ठेवली की चेहऱ्याचाही परिणाम उतरतो. आपल्याकडे मदतीचे संदेश तयार करणाऱ्यांना हा अभ्यास ठाऊक नसेल, पण निष्कर्ष त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून पोस्टवर एकच मूल असतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथा पडलेला अॅलन कुर्दी हा सीरियाचा चिमुरडा जगाने पाहिला. स्वीडिश रेड क्रॉसच्या सीरियन निर्वासित निधीत त्या आठवड्यात रोज येणारी रक्कम आदल्या आठवड्याच्या सुमारे ५५ पट झाली. स्लोविक आणि सहकाऱ्यांनी पुढचे आठवडेही मोजले. दीड महिन्याच्या आत देणग्या ओसरून पूर्वीच्या पातळीजवळ आल्या. युद्ध मात्र तसंच चालू होतं.

फोटोवर चालणाऱ्या मदतीचे काही प्रकार यापेक्षा हलकेफुलके आहेत. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेणाऱ्यांच्या चित्रफितींनी एएलएस या चेतासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला आठ आठवड्यांत साडेअकरा कोटी डॉलर मिळवून दिले. त्याच वर्षी हैदराबादच्या मंजुलता कलानिधी यांनी पाण्याऐवजी बादलीभर तांदूळ गरजूला द्या आणि फोटो टाका, असं सुचवलं आणि ते भारतभर झालं. जॉन्सन अँड जॉन्सनने २०१३ मध्ये एक अॅप काढलं होतं. तुम्ही आपला कुठलाही फोटो त्यावर दिलात की तुम्ही निवडलेल्या कामासाठी कंपनी एक डॉलर द्यायची. मला या प्रकारात एक गोष्ट आवडते. यात दु:खी माणसाचा फोटो लागत नाही. देणारा स्वतःचाच फोटो देतो. कंपनीची जाहिरात होते हे खरं, पण कुणाच्या लाचारीचं प्रदर्शन तरी होत नाही.

आपल्याकडे फोटो सर्वांत वेगाने काम करतो तो पुरात. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळच पाण्यात अडकली, तेव्हा आतल्या हजारभर प्रवाशांनी खिडकीतून काढलेले फोटो आणि चित्रफिती हाच पहिला पुरावा होता. एनडीआरएफच्या बोटी आल्या, जवळच्या चामटोलीच्या गावकऱ्यांनी खायला दिलं, सगळे सुखरूप बाहेर आले. इथे ज्यांना मदत हवी होती त्यांच्याच हातात कॅमेरा होता. ‘आम्ही इथे आहोत, पाणी इतकं चढलंय’ एवढंच त्यांना सांगायचं होतं आणि फोटोने ते चोख सांगितलं.

दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. डोंबिवली-ठाण्यात कोकणातले नातेवाईक नाहीत असं घर शोधावं लागेल. चिखलाने भरलेल्या बाजारपेठेचे फोटो आले आणि ट्रक निघाले. पण फोटोत उघडी पडलेली घरं दिसली, म्हणून जुन्या कपड्यांचे गठ्ठे गेले. तहानलेली माणसं दिसली, म्हणून पाण्याच्या बाटल्या गेल्या. गुडघाभर चिखल काढायला लागणारी फावडी, घमेली, पाण्याचे पंप, दुकानदाराला पुन्हा उभं राहायला लागणारं भांडवल, या गोष्टी फोटोत दिसत नाहीत आणि जे दिसत नाही ते ट्रकमध्ये भरलं जात नाही. प्रत्येक पुरानंतर मदत केंद्रांवर जुन्या कपड्यांचे ढीग उरतात. २०१९च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात तर मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेले निघाले आणि महाराष्ट्रभर संताप झाला. तो संताप रास्त होता. पण शिधावाटपाच्या फोटोत स्वतः मध्ये उभं राहणाऱ्या आपल्यासारख्यांनाही तोच नियम लागू व्हायला हवा.

*

उपाशी माणसाचा फोटो दाखवून पैसे उभारणं इन्स्टाग्रामने सुरू केलेलं नाही. १८७६ ते ७८च्या महादुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून छायाचित्रं काढली. ती विलायतेत पोचली, लोक हेलावले. पण फोटो काढून झाल्यावर त्या माणसांना काही न देता तसंच परत पाठवलं, असा आरोप हूपरवर तेव्हाच झाला. ती छायाचित्रं आजही ग्रंथांत छापली जातात. त्यातल्या एकाही माणसाचं नाव कुठे नाही.

त्याच दुष्काळात दख्खनही होरपळत होती. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वेगळा मार्ग धरला. तालुक्या-तालुक्यात माणसं पाठवली. पाऊस किती, ज्वारीचा भाव काय, गुरं किती मेली, किती लोक गाव सोडून गेले, सरकारी कामावर मजुरी काय मिळते, याचे वृत्तांत मागवले आणि एकामागून एक सरकारकडे धाडले. सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर खाली आणली होती. मजुरांनी ती नाकारली, कामं सोडली आणि सभा त्यांच्या मागे उभी राहिली.

तेव्हा सभेजवळ कॅमेरा असता तर? मला वाटतं, त्यांनी तो वापरला असता आणि फोटोखाली तालुका, तारीख, भाव आणि मजुरी लिहिली असती. हूपरच्या फोटोत दुष्काळ म्हणजे हाडं. सभेच्या वृत्तांतात दुष्काळ म्हणजे एक पौंड धान्य ठरवणारा हुकूम. पहिल्याने दया उपजते. दुसऱ्याने हुकूम बदलता येतो.

*

आज सर्वांत जास्त फिरणारा फोटो रुग्णालयातला असतो. नाकात नळी घातलेलं मूल, बाजूला अंदाजपत्रकाचा कागद, खाली क्यूआर कोड. २०२१च्या सुरुवातीला मुंबईतल्या काही महिन्यांच्या एका मुलीसाठी, एसएमए या दुर्मीळ आजारावरच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी, आईवडिलांनी इन्स्टाग्रामवर आवाहन केलं आणि लोकवर्गणीतून रक्कम जमली. आयातशुल्क आणि जीएसटी मिळून सुमारे सहा कोटींचा कर केंद्राने माफ केला. फेब्रुवारीत इंजेक्शन दिलं गेलं. काही महिन्यांनी पिंपरी-चिंचवडमधल्या एका चिमुरडीसाठी तसेच सोळा कोटी उभे राहिले. जूनमध्ये इंजेक्शन मिळालं आणि १ ऑगस्टला ती गेली. पैसे देणाऱ्या हजारो अनोळखी लोकांनी घरचं कुणी गेल्यासारखा शोक केला.

त्या दोन कुटुंबांनी जे केलं ते कुठलेही आईबाप करतील. त्यांच्या आवाहनांमुळे हा आजार महाराष्ट्राला ठाऊक झाला. मार्च २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं, पुढच्या वर्षी त्यातली मदतीची मर्यादा पन्नास लाखांपर्यंत वाढवली गेली. पण सोळा कोटींच्या औषधापुढे पन्नास लाख कुठे पुरायचे? ज्या बाळाचा चेहरा कॅमेऱ्यात गोड येतो, ज्याच्या आईबापांना इंग्रजीत पोस्ट लिहिता येते, ज्यांच्या ओळखीपाळखीत हजारो अनुयायी असलेलं कुणी आहे, त्याला औषध मिळण्याची शक्यता वाढते. उपचाराचा हक्क असा चेहऱ्यावर आणि ओळखींवर ठरावा, हे मला पटत नाही.

सोळा कोटींची प्रकरणं विरळा. कल्याण-डोंबिवलीच्या गटांवर फिरतात ती दोन लाख, चार लाख, आठ लाखांची आवाहनं. अपघात, बायपास, अपुऱ्या दिवसांचं बाळ. अशा वेळी फोटो टाकण्याआधी करायची एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळी काढून निधी ठेवावा लागतो. मुंबईतली मोठमोठी, काचेच्या दरवाजांची कित्येक रुग्णालयं यात येतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं. दाद लागली नाही तर धर्मादाय कार्यालयाकडे जायचं. त्याखेरीज महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे. या दारांवर आधी थाप मारली, तर कित्येक मुलांचे नळ्या लावलेले फोटो अनोळखी माणसांच्या फोनमध्ये जाणारच नाहीत. सोसायटीच्या गटावर आवाहन आलं की पाचशे रुपये पाठवणारे पन्नास जण निघतात. तेवढेच पैसे पाठवताना त्यातल्या एकाने जरी त्या कुटुंबाबरोबर रुग्णालयात जाऊन अर्ज भरून दिला, तर बिलाचा मोठा हिस्सा उतरू शकतो.

आणि तारीख. मदतीच्या संदेशावर तारीख नसते. रक्ताच्या तातडीच्या गरजेचा निरोप रुग्ण घरी गेल्यावरही, कधी रुग्ण दगावल्यावरही, वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि नातेवाइकांच्या फोनची घंटी वाजत राहते. खरा फोटो उचलून खाली दुसराच क्यूआर कोड चिकटवणारे भामटे आहेत. कोड स्कॅन केल्यावर पैसे जाण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, ते वाचायला दोन सेकंद लागतात. कागदावर लिहिलेल्या रुग्णालयात फोन करायला दोन मिनिटं.

गणेशोत्सव मंडळाला वर्गणी मागायची तर धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घ्यावी लागते आणि हिशोबही द्यावा लागतो. आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांकडून आपण पावती मागतो. मग फोनवर फोटो पाहून पैसे पाठवताना पावती मागायला संकोच का वाटावा? मदत मागणाऱ्याचा अपमान होईल असं वाटतं म्हणून आपण गप्प बसतो. पण दिल्लीच्या ‘बाबा का ढाबा’चं काय झालं ते आठवावं. ऑक्टोबर २०२० मध्ये रडणाऱ्या वृद्ध दांपत्याची चित्रफीत पाहून लोक धावले आणि महिन्याभरात चित्रफीत काढणारा आणि ढाबेवाले यांच्यात जमलेल्या पैशांवरून पोलिसांत तक्रार झाली. पहिल्या दिवशीच रक्कम कुणाच्या खात्यात येणार आणि हिशोब कधी देणार हे ठरलं असतं तर बरीच कटुता टळली असती. हिशोब हे दोन्ही बाजूंचं संरक्षण आहे.

मराठीत याचा एक चांगला नमुना आहे. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११पासून दर गणेशोत्सवात चालतो. दहा संस्था निवडायच्या, प्रत्येकीच्या कामाचा सविस्तर परिचय आणि फोटो छापायचे, वाचकांनी संस्थेच्या नावाने धनादेश पाठवायचे. त्यात फोटो असतात ते बहुधा कामाचे. गोठा, वर्ग, कार्यशाळा, उपचाराची खोली. वाचक काम वाचून पैसे देतो. ही पद्धत संथ आहे, तिने एका रात्रीत कोटीची रक्कम जमत नाही. पण संस्थेच्या हातात पैसा येतो तो पुढची पाच वर्षं डोळ्यांसमोर ठेवून खर्च करता येतो.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली जून २०१६ मध्ये सुरू झालेली सिग्नल शाळा हे फोटोतून माहीत झालेल्या कामाचं आपल्या घराजवळचं उदाहरण. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी मिळून ती उभी केली. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणारी, मराठवाड्यातून दुष्काळामुळे आलेल्या कुटुंबांची मुलं तिथे शिकतात. त्याच मुलांचे सिग्नलवरचे फोटो आपण वर्षानुवर्षं पाहत होतो. गाडीच्या काचेला नाक लावलेलं पोर हा तर स्पर्धांमधला ठरलेला फोटो. सिग्नल शाळेचा जो फोटो सर्वदूर गेला तो वेगळा होता. वर पूल, त्यावरून धावणारी वाहनं, खाली मालवाहू कंटेनरमध्ये थाटलेला वर्ग आणि गणवेशातली मुलं. पाहणाऱ्याला पहिल्यांदा आश्चर्य वाटतं, की पुलाखाली शाळा? मग तो विचारतो, की ही मुलं आंघोळ कुठे करतात, दहावीला बसतात का? दोन वर्षांत तिथली मुलं दहावी झालीसुद्धा. त्या फोटोतून कुतूहल जागं होतं आणि माणूस तिथे प्रत्यक्ष जाऊन पोचतो. मदतीच्या फोटोकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो.

मुलांच्या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, गुन्ह्यात बळी पडलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो, नाव, पत्ता, शाळा प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनाथाश्रमात वाढदिवस साजरा करून केक भरवतानाचे फोटो टाकणाऱ्यांनी हे वाचायला हवं. त्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण ते मूल वीस वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीला जाईल, लग्न ठरवील, तेव्हाही तो फोटो कुठेतरी असेल.

*

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड आणि ठाण्याची तलावपाळी, राम मारुती रोड नव्या कपड्यांनी फुलून जातात. गणेश मंदिरात दर्शन, मग मित्रांचे घोळके आणि फोटो. ही तरुण गर्दी मला मनापासून आवडते. याच मुलामुलींपैकी अनेक जण त्या आठवड्यात मुरबाड, शहापूर, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवर फराळ घेऊन जातात. रविवारची सुटी, पेट्रोलला काढलेली वर्गणी, आयांनी केलेला चिवडा आणि लाडू. त्यांच्या पोस्टमुळे पुढच्या वर्षी दुप्पट लोक येतात, हेही खरं आहे.

त्या पोस्टमधला नेहमीचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. मागे गटाचं नाव लिहिलेला फलक, त्यासमोर दोन ओळींत मुलं, पुढची बसलेली, मागची उभी. मध्ये एक पाकीट. त्या पाकिटाला एकाच वेळी दोन जणांचे हात लागलेले असतात, देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, आणि दोघंही पाकिटाकडे किंवा एकमेकांकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत असतात. ‘थांब, एक मिनिट’ म्हणून पाकीट हातात तसंच धरून ठेवायला लावलेलं असतं. मुलाला लाडू हवा असतो. तो एक मिनिटाने मिळतो.

फोटोत न येणारी गोष्ट अशी की त्याच आठवड्यांत पाडा रिकामा व्हायला लागतो. भातकापणी उरकली की ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यातली कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. कल्याण, भिवंडी, पडघा, वाशिंद. मालकाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको आणि हाताशी आलेली पोरं पावसाळ्यापर्यंत विटा थापतात. हिशोब मालकाच्या वहीत. १९७६च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, तरी ही उचल अजून माणसाला बांधून ठेवते. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने या वेठीविरुद्ध दशकानुदशकं लढा दिला आणि विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या मुलांसाठी तिथल्या तिथेच ‘भोंगा शाळा’ काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचं मजुरांचं खोपट. मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा खोपटात गेली.

म्हणजे नोव्हेंबरात फराळाचं पाकीट धरून उभं असलेलं मूल जानेवारीत बहुधा त्या पाड्यात नसतं. ते फडके रोडपासून तासाभराच्या अंतरावर भट्टीवर असतं, कदाचित तुमच्याच इमारतीच्या विटा थापणाऱ्या आईच्या शेजारी. आपल्या गटाने त्याच्यासोबत फोटो काढलेला असतो. त्याचं नाव कुणी लिहून घेतलेलं असतं का?

फराळ बंद करा असं मला मुळीच म्हणायचं नाही. सणाला दुसऱ्याच्या घरी गोड पोचवावं, हे आपल्या रक्तातच आहे. पण त्या एका दिवशी पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन गुरुजींना भेटता येतं. कोणती मुलं भट्टीवर जातात, साधारण कुठल्या गावाला जातात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी सरकारचं शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवून भट्टीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षाच्या मध्यावरही प्रवेश मिळतो. अडतं ते पुढे. कार्ड घरी राहतं, भट्टीपासून शाळा तीन-चार किलोमीटर असते, रस्ता डंपरचा असतो, आईबाप पहाटेपासून कामावर असतात, मुलांना पोचवणार कोण?

इथे फोटोचं काम आहे. ठाण्या-डोंबिवलीच्या एखाद्या गटाने या वर्षी फराळाबरोबर त्या मुलांची यादी आणावी, डिसेंबरात भट्टी शोधून काढावी, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावं आणि एक रिक्षा ठरवावी. मग पोस्ट टाकावी. शाळेच्या फाटकाशी उभी असलेली रिक्षा, फोटोखाली अंतर, मुलांची संख्या, महिन्याचं भाडं आणि संस्थेच्या नावाचं खातं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तोच फोटो नव्याने काढून, किती दिवस रिक्षा गेली आणि किती मुलं वर्गात बसली ते लिहावं. एखाद्या महिन्यात आकडा घसरला तर तोही लिहावा. भट्ट्या मे महिन्यापर्यंत पेटलेल्या असतात. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असते, तोवर ती रिक्षा चालली पाहिजे.